तिसरा ‘दिला’

“दिला,” दादा म्हणाले. मग आवाज थोडा उतरवून, “दिला.” आणि तिसऱ्या वेळी ओठ हलले, जीभ दातांमागे टेकून सुटली, पण आवाज काही आला नाही.

“तिसरा कुठे गेला?” वहिनींनी मला विचारलं. जसा काही तो मीच खिशात घातला होता.

“अंगठा सुटला,” मी म्हणालो. “दादा, अंगठा सोडायचा नाही. सैल करायचा. सैल करणं वेगळं, सोडणं वेगळं.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. डाव्या हातातलं यंत्र पुन्हा जबड्याखालच्या मऊ जागेवर टेकवलं आणि माझ्या कपाटाला पहिल्यापासून कोबी विकायला सुरुवात केली. कपाटाने बोली वाढवली नाही. तिसरा ‘दिला’ पुन्हा गायब.

ज्यांचा कंठ ऑपरेशनमध्ये काढावा लागतो, त्यांच्यासाठी आवाजाची यंत्रं बनवणं हा माझा उद्योग. दिसायला ते यंत्र टॉर्चसारखं असतं. बटण दाबलं की टोकाची चकती थरथरते. ती गळ्याला लावली की थरथर तोंडात पोचते, आणि मग जिभेने, ओठांनी तिचे शब्द करायचे. छातीतल्या हवेचा त्यात काही वाटा नाही. ती बिचारी गळ्याच्या भोकातून परस्पर ये-जा करत असते. लोकांना हे सांगितलं की आधी सगळे स्वतःचा गळा चाचपतात आणि मग विचारतात, म्हणजे रोबोसारखं बोलतात का? मी हो म्हणून मोकळा होतो. नाही म्हटलं तर अर्धा तास जातो.

आमची कार्यशाळा शिंप्यांच्या दुकानावर, तीन खोल्यांची. मी, सोल्डरिंग करणाऱ्या दोघी जणी आणि दारात बसून फोन घेणारे एक गृहस्थ, ज्यांना स्वतःलाच कमी ऐकू येतं. दिवसभर खालून शिवणयंत्रांची घरघर आणि वरून आमची. प्रत्येक यंत्र मी आधी माझ्या गळ्याला लावून पाहतो. श्वास रोखायचा, बटण दाबायचं, नुसते ओठ हलवायचे. त्यामुळे आजवर शेकडो माणसांचे आवाज आधी माझ्या तोंडातून निघाले आहेत. यात फुशारकी मारण्यासारखं काही आहे की काळजी करण्यासारखं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दादा हे भाजीबाजारात लिलाव पुकारणारे. बाजारात त्यांना पाठीमागे भोंगा म्हणत आणि तोंडावर भोंगादादा. साधं यंत्र एकाच सुरात बोलतं, आणि एका सुरात लिलाव होत नाही. बोली वाढली की आवाज चढला पाहिजे, सौदा ठरत आला की उतरला पाहिजे. म्हणून त्यांच्यासाठी मी बटणच वेगळं केलं. जितकं दाबाल तितका आवाज वर, सैल कराल तसा खाली. फार सैल केलं तर बंद. हे ‘फार’ म्हणजे नेमकं किती, यावर आमचं घोडं अडलं होतं.

ते बोलत असताना मी मध्ये बोललो की गोंधळ व्हायचा, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. माझं बोट वर म्हणजे दाबा. तळवा खाली म्हणजे सैल करा. मूठ म्हणजे थांबा.

“पण मुळात यांचा आवाज असा नव्हताच,” वहिनी म्हणाल्या. हे त्या प्रत्येक वेळी म्हणत.

“मग कसा होता?”

“खाली होता. भरलेला. हळू बोलायचे. पोरीला कधी मोठ्याने ओरडले नाहीत.”

मी आवाज खाली घेतला. दुसऱ्या दिवशी दादांबरोबर त्यांचा पुतण्या आला. दादा आजारी पडल्यापासून ओट्यावर उभा राहून तोच पुकारत होता. तो म्हणाला, “काकांचा आवाज असा कुठे? चिरका होता. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. पण शेवटच्या माणसापर्यंत जायचा.” मी आवाज वर घेतला. मग बाजारातल्या चहावाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, “गोड होता हो.” आता गोड म्हणजे यंत्रात कुठला स्क्रू फिरवायचा?

जुळवून पाहायला ध्वनिमुद्रण नव्हतं. रोज सकाळी ओरडणाऱ्या माणसाला कोण रेकॉर्ड करतं? मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता. त्यात दादा चारदोनदा दिसतात, बोलतानाही दिसतात, आणि दर वेळी वरून गाणं घातलेलं. मी तो व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला, मग चालू करून पाहिला. डोकं जड झालं. पुष्कळ दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की वहिनी कधी बाजारात गेल्याच नव्हत्या आणि पुतण्याने काकांना घरात बोलताना फारसं ऐकलं नव्हतं. बाजारासाठी आवाज राखून ठेवायचा म्हणून दादा घरी हळू बोलत असणार. म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. पण यंत्र एकच होतं.

दादांना स्वतःला मात्र मी विचारलं नाही. का विचारलं नाही, कोण जाणे. ते खुर्चीत बसून आमची भांडणं ऐकत, आणि आपल्याच आवाजाबद्दल चाललंय हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नसे.

त्या दिवशी दादा जिना उतरून गेल्यावर वहिनी मागे थांबल्या.

“बाजारसमितीने एक सकाळ दिलीय,” त्या म्हणाल्या. “उद्याची. व्यापाऱ्यांना यांचं पुकारणं कळलं तर ओटा यांचा. नाही कळलं तर कायमचा पुतण्याचा. पोरगा वाईट नाही. तो म्हणतो, काका, तुम्ही खुर्ची टाकून नुसते बसा. पण नुसतं बसणं यांना कुठे जमतंय?”

“घरी काय करतात?”

“पहाटे उठतात. तोंड धुतात, बूट घालतात आणि कॉटवर बसतात. कुठे जायचं नसतं, पण बूट घातलेले. दुपारी जेवायला बोलावलं की मग काढतात.” त्यांनी पदराने खुर्चीचा दांडा उगाच पुसला. “उद्या तुम्ही या. तुम्ही समोर दिसलात की यांना धीर येईल. खुणा करा.”

मी येतो म्हणालो. पण मला मनातून धास्ती वाटत होती. कपाटासमोर जे जमत नव्हतं, ते बाजारासमोर कसं जमणार होतं?

घरी जेवताना माझ्या बायकोने काहीतरी सांगितलं आणि मग थांबून विचारलं, “मी काय म्हणाले?”

हा आमच्या घरातला जुना खेळ आहे आणि त्यात मी नेहमी हरतो. “तुझा आवाज आज जरा बसलाय,” मी म्हणालो. “सर्दी होणार तुला.”

“तुला माणसाचे शब्द ऐकूच येत नाहीत. नुसता आवाज ऐकू येतो. इतकी वर्षं कोणाशी बोलतेय मी, भिंतीशी?”

ती म्हणत होती ते खरं होतं. हा धंद्याने लावलेला रोग आहे. कोणी बोलायला लागलं की त्याचा सूर कुठे आहे, कुठे घासतोय, कुठे तुटतोय, याच्याच मागे मी जातो, आणि वाक्य संपल्यावर हातात काहीच उरत नाही.

“उद्या बाजारात जाणार आहेस ना,” ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “तर येताना कोबी आण. एक गड्डा. छोटा. बघून घे, आतून किडका देतात.”

“एक गड्डा. छोटा,” मी म्हणालो. एवढं मला बरोबर ऐकू आलं होतं.

बाजार मी पाहिला नव्हता असं नाही, पण घाऊक बाजार सकाळी पाहिला नव्हता. पत्र्याचं उंच छप्पर, खाली ओली फरशी, पानांचा चिखल. हमाल पाठीवर पोती घेऊन येत आणि “बाजूला” म्हणायच्या आधीच आदळत. मी एकाला वाट द्यायला सरकलो की दुसऱ्याच्या वाटेत येत होतो. ज्या बाजूला कमी गर्दी आहे म्हणून मी उभा राहिलो, ती बटाट्याची बाजू निघाली. कोबी दुसरीकडे. तिथे पोचलो तर कोणीतरी मला हाताला धरून रिकाम्या क्रेटवर उभं केलं. का, ते कळलं नाही. बहुधा मी सगळ्यांच्या पायात येत होतो.

क्रेटवरून मात्र नीट दिसत होतं. सिमेंटचा हातभर उंच ओटा, त्यावर पत्र्याने मढवलेलं टेबल, टेबलामागे दादा. पांढरा शर्ट, गळ्यातल्या भोकावर स्वच्छ रुमाल बांधलेला, कानामागून तोंडाशी आलेला माईक, टेबलावर लहानसा स्पीकर. ती जोडणी मीच करून दिली होती. शेजारी पुतण्या उभा होता, स्वतःचा माईक हातात तयार ठेवून. ओट्याच्या कडेला बाजारसमितीचे सेक्रेटरी, जाडजूड गृहस्थ, मफलर गुंडाळलेले. आणि समोर व्यापारी. त्यांत पुढेच एक चष्मेवाला होता. त्याने दादांकडे पाहून शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघे हसले. त्याचं नाक ठेचून काढावं असं मला वाटलं.

वहिनी आल्या नव्हत्या. आयुष्यात कधी आले नाही, ती आज येऊन यांना आणखी कशाला घाबरवू, असं त्या म्हणाल्या होत्या.

दादांनी समोरच्या कोबीच्या क्रेटांवर हात ठेवला, डावा हात गळ्याशी नेला आणि सुरुवात केली.

पहिला आवाज आला तेव्हा लोक हसले. मोठ्याने नाही, पण हसले. घरघरीत, धातूचा, माणसाचा नसलेला तो आवाज छपराखाली गेला आणि दोन हमाल पोत्यांसकट थबकले. दादांचा अंगठा बटणावर घट्ट बसला होता, फारच घट्ट, आणि आवाज वरच्या वर अडकून पडला होता. मी तळवा खाली केला. त्यांनी पाहिलं. अंगठा सैल झाला. आवाज खाली आला आणि ते कोबीचं वर्णन करायला लागले. ताजा आहे, आजच्या सकाळचा आहे, दाबून बघा. कोणीतरी खरंच दाबून पाहिला.

“क्रेटला ऐंशीपासून,” दादा म्हणाले. “ऐंशी. नव्वद कोण?”

कोणी काही बोललं नाही, पण त्यांनी लगेच “नव्वद” घेतला आणि उजव्या हाताने कोणाकडे तरी दाखवलं. माझं डोकं फिरायला लागलं. बोलतंय कोण? कोणी एक शब्द काढत नव्हतं. कोणी कान खाजवत होता, कोणी पेन हलवत होता, चष्मेवाला नुसती मान तिरकी करत होता, आणि बोली चढत होती. यंत्राला ‘ह’ काढता येत नाही. त्यामुळे ‘दहा’चं भलतंच काहीतरी व्हायचं. मी दर वेळी अंग चोरायचो, पण बाजाराचं काही अडत नव्हतं. दादांचा अंगठा बोलीबरोबर दाबला जात होता आणि आवाज पायरी पायरीने वर जात होता. कपाटासमोर इतकं कधी जमलं नव्हतं. मला एकदम आनंद झाला. त्या घरघरीचा मला अभिमानच वाटला, दुसरा शब्द नाही त्याला.

मग चष्मेवाल्याने मान तिरकी केली आणि पुढे कोणीच हललं नाही.

“एकशे वीस,” दादा म्हणाले. “एकशे वीस. दिला.” आवाज उतरला. “दिला.” आणखी उतरला. आता तिसरा, आणि मला त्यांचा अंगठा दिसत होता. तो सैल होत नव्हता, सुटत होता. हीच ती जागा. आता आवाज जाणार, सगळ्या बाजारासमोर नुसते ओठ हलणार आणि हा चष्मेवाला पुन्हा हसणार. मी हात उंच केला आणि बोट वर केलं. दाबा.

दादांची नजर झटकन माझ्या बोटावर आली. अंगठा बसला.

“एकशे तीस,” ते म्हणाले.

शाबास, मी मनात म्हटलं. आवाज आला. बोट मी तसंच ठेवलं, उलट आणखी उंच केलं, कारण आता पुन्हा तीच उतरण येणार होती.

“एकशे तीस. दिला.” चष्मेवाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी बोट हलवलं. दाबा, दादा, दाबा. “दिला.”

आणि अंगठा सुटला. मी बोट नाचवत राहिलो. दादांचे ओठ हलले, आवाज आला नाही. पण कोणी हसलं नाही. तो सबंध बाजार, हमालांसकट, त्या न आलेल्या आवाजाकडे कान लावून गप्प उभा होता. मग दादांचा उजवा तळवा टेबलाच्या पत्र्यावर पडला. थाप अशी बसली की छपरातली कबुतरं उडाली.

सौदा झाला होता. आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“हा कोण?” चष्मेवाला म्हणाला. “हा आपल्यातला नाही. याला कळलं तरी का काय चाललंय?”

माझं बोट अजून वर होतं. मी ते हळूच खाली घेतलं, पण तोवर फार उशीर झाला होता. दादांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख अशी काही नव्हती. इतक्या वर्षांची सवय एका क्षणात परत आली होती. त्या डोळ्यांना मी दिसलोच नव्हतो. आमच्या खुणा, कार्यशाळा, कपाट, काहीच दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते बोट, आणि बोट म्हणजे बोली. मग हळूहळू त्यांना मी दिसायला लागलो असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला.

“सेक्रेटरी, मी सांगत होतो,” चष्मेवाला म्हणाला. “आम्ही रोजचे, आम्हालाच कान टवकारावे लागतात. नवख्या माणसाला काय कळणार? डब्यातून काहीतरी घरघरलं आणि याने बोट वर केलं. असे सौदे व्हायला लागले तर रोज मारामाऱ्या होतील. हा सौदा मोडा आणि पोराला पुकारू द्या.”

सेक्रेटरींनी मफलर सारखा केला आणि ते माझ्या क्रेटजवळ आले. आवाज सौम्य होता, जरा खरखरीत, सकाळच्या पहिल्या चहाआधीचा. मी त्याच्याच मागे जायला लागलो होतो. स्वतःला ओढून आणलं.

“साहेब, घाबरू नका,” ते म्हणाले. “ओट्यासमोर उभा राहील त्याला बोली लावता येते, त्यात काही गैर नाही. पण चूक झाली असेल तर सांगून टाका. ऐकू आलं नसेल नीट, तर तसं सांगा. तुमच्यावर काही येणार नाही.”

माझ्यावर काही येणार नव्हतं. नुसतं म्हणायचं होतं, हो, चूक झाली, आणि एक गड्डा घेऊन घरी जायचं होतं. पुतण्या माईक चाचपत होता. दादा टेबलावर तळवा ठेवून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

“चूक नाही,” मी म्हणालो. “मी घेतला कोबी.”

“ऐकून घेतला?”

“ऐकून घेतला.”

“मग सांगा,” चष्मेवाला म्हणाला, “कितीला घेतला?”

कितीला? मी आवाज ऐकला होता. पायऱ्या ऐकल्या होत्या, उतार ऐकला होता, अंगठा ऐकला होता म्हणा ना. मी दादांकडे पाहिलं. ओठ वाचण्यात माझा हातखंडा आहे. त्यांनी नुसते ओठ हलवले असते तरी मला कळलं असतं, आणि हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि समोरच्या कोबीकडे पाहिलं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. मग कळलं की ते सांगणार नाहीत. सांगितलं तर तो सौदा त्यांच्या पुकारण्यावर झालेला राहणार नव्हता.

“एकशे तीस,” मी म्हणालो.

कुठून आलं, मला माहीत नाही. आलं. दादांनी म्हटलं होतं आणि ते माझ्या कानात होतं, सुराच्या मागे कुठेतरी, शब्द म्हणून.

“एकशे वीस यांचा होता,” मी चष्मेवाल्याकडे बोट दाखवणार होतो, पण हात खिशात घातला. “त्यावर मी एकशे तीस लावला. मग दादा म्हणाले दिला, दिला आणि थाप मारली. कोबी ताजा आहे, आजच्या सकाळचा आहे, हेही म्हणाले होते सुरुवातीला. सगळं ऐकू आलं मला.”

सेक्रेटरींनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाला चष्मा पुसत होता.

“पुढचं घ्या, दादा,” सेक्रेटरी म्हणाले.

पुतण्याने माईकची वायर हाताभोवती गुंडाळली आणि खिशात ठेवली. मला वाटलं होतं त्याला वाईट वाटेल. पण तो धावत जाऊन टोमॅटोचे क्रेट पुढे ओढायला लागला.

त्यानंतर मी कुठे उभा होतो, किती वेळ, नीट सांगता येणार नाही. मला पावती मिळाली, ती मी खिशात कोंबली. एका हमालाने विचारलं, माल कुठे टाकायचा? मी म्हणालो, कुठला माल? तो हसला. एक टेम्पोवाला आला आणि माझ्याशी काहीतरी ठरवून गेला. नऊ क्रेट कोबी. आमच्या घरात माणसं दोन.

टेम्पो भरत असताना दादा आले. मधली सुट्टी झाली होती, हातात चहाचे दोन ग्लास. एक मला दिला. आपला ग्लास त्यांनी क्रेटवर ठेवला आणि यंत्र गळ्याला लावलं.

“भाव जास्त लागला तुम्हाला,” ते म्हणाले.

“खुणेमुळे घोटाळा झाला,” मी म्हणालो. “मी दाबा म्हणत होतो.”

त्यांनी मान हलवली. “नंतर आलं ध्यानात. तेव्हा नाही आलं.” त्यांनी यंत्र पुन्हा नीट टेकवलं. “तेव्हा मला काही आठवतच नव्हतं. बरं वाटलं.”

आम्ही चहा प्यायलो. खरं तर मला विचारायचं होतं तिसऱ्या ‘दिला’बद्दल. तो दुरुस्त करायचा की तसाच ठेवायचा? थाप मारायचं कुठून सुचलं? पण विचारलं ते दुसरंच, जे इतके दिवस विचारायचं राहिलं होतं.

“दादा, तुम्हाला कसा आठवतो हो? तुमचा आधीचा आवाज? वहिनी म्हणतात खाली होता, पुतण्या म्हणतो चिरका. नक्की कसा होता?”

दादा विचार करायला लागले. बाजूने हातगाडी गेली, तिला वाट दिली, परत आले, तरी विचारच करत होते. मग त्यांनी यंत्र गळ्याशी नेलं, अंगठा बटणावर ठेवला, आणि न दाबताच खाली घेतलं. नुसते ओठ हलवले. मी वाचले.

नाही आठवत, ते म्हणाले होते.

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस आम्ही दुसऱ्यांच्या आठवणींमधून त्यांचा आवाज शोधत होतो, आणि ज्याचा होता त्याच्याजवळ तो शिल्लकच नव्हता. दादांनी माझा रिकामा ग्लास घेतला, आपल्यात घातला, क्रेटची एक बाजू स्वतः धरून टेम्पोत चढवायला हात दिला, आणि बूट फरशीवर नीट पुसून ओट्याकडे गेले.

टेम्पोवाल्याच्या शेजारी बसलो तोच फोन वाजला.

“कोबी मिळाला का?” बायकोने विचारलं.

“मिळाला.”

“बघून घेतलास ना?”

“ऐकून घेतला,” मी म्हणालो.

“काय घेतलास?” तिने विचारलं.

“घरी आल्यावर सांगतो. खाली ये जरा. शेजाऱ्यांनाही बोलाव.”

टेम्पो फाटकाशी अडकला, पुढे पोत्यांची गाडी आडवी होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मागून, छपराखालून, तो आवाज येत होता. काय विकत होते ते इतक्या लांबून कळत नव्हतं. चढत गेला, थांबला, आणि मग सावकाश उतरायला लागला. दिला. दिला.

मग काहीच ऐकू आलं नाही.

“बंद पडलं वाटतं,” ड्रायव्हर म्हणाला.

“थांबा,” मी म्हणालो. माझं बोट आपोआप वर गेलं होतं. ते मी मुठीत घेतलं आणि मूठ मांडीवर ठेवली.

पत्र्यावरची थाप आली.